एक कोठी, वीस चुली

आमच्या ह्यांची एक खोड हाये, ते काहीच फेकत नाहीत. तुटका प्लग, वायरीचा तुकडा, पंख्याचे जुने स्क्रू, समदं डालड्याच्या डब्यात. "राहू दे, कामी पडते," एवढंच उत्तर. अमडापूरचं आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत सासू झोपून असते, दुसरीत माही शिलाई मशीन आणि उरलेल्या जागेत ह्यांचे डबे. मी तोंडाची फाटकी आहो, लग्न झाल्यापासून बोलून राह्यली. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचे हे म्हणजे इंद्रभान, चिखलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. कुलूप उघडायचं, झाडायचं, पोरं यायच्या आधी पंखे लावायचे. बारावीच्या पुढं शिकायची लय हौस होती, पण बाप गेला आणि मजुरीले लागावं लागलं. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या पाठीमागं उभं राहून स्क्रीन पाह्यली त्याईनं.

गेल्या साली लॅबचे हर्षल सर पुण्याले नोकरी लागून निघाले. संस्थेनं ठरवलं, लॅब कंत्राटदाराले द्यायची आणि इंद्रभानले जळगाव जामोदच्या वसतिगृहावर वॉचमन म्हणून पाठवायचं. अमडापूर कुठी, जामोद कुठी. सासू अंथरुणाले खिळलेली, माही गिऱ्हाइकं इथली. त्या दिवशी मी नवी शिलाई घेतलीच नाही, खोटं काऊन बोलू.

हे मात्र प्राचार्यांसमोर जाऊन उभे राह्यले. "सर, मी सर्व्हर सांभाळून दाखवला तं?"

प्राचार्य म्हणाले, "दिवाळीनंतरची प्रॅक्टिकल परीक्षा नीट पार पाड. मंग पाहू."

हर्षल सर भले माणूस. जायच्या आधी त्याईनं ह्यांले बसवून बसवून शिकवलं. घरी जेवताना मले तेच ऐकावं लागे.

"अवं, सर्व्हर एकच. पण त्याच्या पोटात वीस कॉम्प्युटर चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याईले. एक बिघडलं तरी बाजूच्याले पत्ता नाही."

"म्हणजे एकाच घरात वेगळ्या चुली," मी म्हटलं.

"हाव. पण कोठी एकच. कोणाले किती द्यायचं, ते वाटणाऱ्याले समजलं पाह्यजे."

शिकायसाठी सरांनी ह्यांले त्याच सर्व्हरवर एक वेगळी मशीन बनवू देली. मोडा, बिघडवा, पुन्हा उभी करा. हे रोज तिच्यावर काही ना काही करून पाहत. कधी मेमरी कमी करून, कधी नेटवर्क तोडून. मोडायच्या आधी स्नॅपशॉट घेत. स्नॅपशॉट म्हणजे मशीन आज जशी हाये तशी तिची खूण ठेवायची. उद्या बिघडली तं त्या खुणेवर मांगं जाता येते. ह्यांले त्याचं भारी अप्रूप. म्हणत, "आयुष्यात पहिल्यांदा अशी वस्तू भेटली, मोडली तरी कोणी बोलत नाही."

सर गेल्यावर एकदा ह्यांच्या हातून पोरांची एक मशीन बिघडली, आणि तिची खूण घेतलेली नव्हती. पोरं हसली. एक जण म्हणे, "काका, तुम्ही झाडूच मारा." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पिते. तवापासून ह्याईनं नेमच धरला. सकाळी घरी बुद्धवंदना घ्यायची आणि लॅबमध्ये गेलं की आधी विसाही मशीनींचा स्नॅपशॉट घ्यायचा. रोज. जुना काढायचा नाही, कारण कामी पडते.

मी लय कौतुक केलं तवा. नेमाचा माणूस म्हटलं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी ब्लाऊजले काजं करून राह्यली होती, तं फोन वाजला. ह्यांचा आवाज बसलेला.

"महामाया, सामान बांधाले लाग. जामोदले जा लागते."

"काऊन? काय झालं?"

"समद्या मशीनी एकदम थांबल्या. डिस्क भरली. स्नॅपशॉट घेतला की पुढचं सारं वेगळं साचत जाते, जुनंही तसंच राहते. मी रोज घेत गेलो. कोठी भरली अवं. आणि जुने स्नॅपशॉट काढायचे तं त्यालेही आधी थोडी जागा लागते. तेवढीही नाही."

माहं डोकंच फिरलं. पोरं बसली हायेत, आणि हा माणूस बायकोले फोन करून राह्यला. "मंग फेका नं काहीतरी," मी ओरडली. "घरात नाही फेकत, तिथं तरी फेका. जे लागत नाही ते काढा. अति केलं अन् माती झाली, आता निस्तरा."

मंग म्हणे, "एक हाये तशी." आणि फोन ठेवला.

मी कुठली काजं करते. दारातच बसून राह्यली.

संध्याकाळच्या एसटीनं हे आले. हातपाय धुतले, आईले पाणी पाजलं, मंग सांगाले बसले. ह्याईनं आपली सरावाची मशीन पुसून टाकली, समूळ. तेवढी जागा झाली, तिच्यात एकेक करत जुने स्नॅपशॉट काढले. पोरांचं काम थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं. उशिरा का होईना, परीक्षा झाली. प्राचार्यांले ह्याईनंच सांगतलं की चूक माही. ते लय बोलले. बोलून झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून स्नॅपशॉट कामापुरता घ्यायचा, काम झालं की काढायचा. आणि लॅबची चावी तुझ्याजवळच राहू दे."

मले रडू आलं, डोळे मी पदरानं पुसले. पण ह्यांचं तोंड काही खुललेलं नाही.

"आता काय झालं? नोकरी राह्यली नं?"

"राह्यली. पण त्या मशीनीचं नाव मी महामाया ठेवलं होतं." खाली पाहूनच बोलले. "इतके महिने जे जे चुकलो ते तिच्यावरच चुकलो. एकदाही रागावली नाही ती."

"मंग ती महामाया नव्हतीच," मी म्हटलं.

तवा कुठी हासले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, तं ह्याईनं आपल्या हातानं समदे डबे त्याच्या गाड्यावर ठेवले. मी एक शब्द बोलली नाही. गाडा वळणावर गेला, तवा मी मांगून धावत गेली आणि स्क्रूचा एक डबा परत घेऊन आली.