खवल्यांची पन्नी

मासळीच्या ओल्या पिशवीचा वास आला की मला अजून मळमळतं. हिवाळ्यातल्या पावसात मी मोहाडीला परीक्षेचा पेपर द्यायला सायकलने निघालो होतो. तलावावरून मासे घेऊन आलेल्या बाबांनी अंगातली खताच्या पोत्याची प्लास्टिकची पन्नी काढून मला दिली. "बनियनवर हे घाल, वरतून स्वेटर. सुका रायशीन." पन्नीला खवले चिकटलेले, आतून बाबांचा घाम. वळणावर ओकारी आवरत मी ती नालीत फेकली. त्याच रस्त्याने मासे विकून बाबा संध्याकाळी चिंब, कुडकुडत परतले. हातात तीच पन्नी, धुतलेली. "पडली होती रे. उद्याही पेपर हाये ना? नीट बांधजो." मी "हो" म्हणालो. ते "हो" अजून तोंडात सडल्यासारखं लागतं. पडली नव्हती, बाबा. मी फेकली होती.