डेपोतला कंसमामा

बस डेपोत ड्रायव्हरांच्या पाळ्यांचा तक्ता एक प्रोग्राम लावत असे. तो लिहिणारा इंजिनियर नोकरी बदलून गेला आणि मागे तो वाचू शकणारं कुणी उरलं नाही. मुख्य कार्यालयातून दोघे जण पाहायला आले. पडदाभर कंसच कंस. "ही भाषा आम्हाला येत नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

त्या कॉम्प्युटरसमोर बसायचे ते ड्यूटी क्लार्क. वय बावन्न, शिक्षण बारावी. सगळा डेपो त्यांना मामा म्हणायचा. क्लार्क होण्याआधी अकरा वर्षं त्यांनी याच डेपोच्या बस चालवल्या होत्या. एकदा रात्रपाळी संपवून लगेच सकाळची फेरी घेतली, आणि वळणावर त्यांचा डोळा लागला. बस फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबाला टेकली. कुणाला खरचटलंही नाही, पण त्यानंतर मामांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. टेबलाचं काम मागून घेतलं. दोन पाळ्यांमध्ये दहा तास विश्रांती हवीच, हा नियम प्रोग्राममध्ये त्यांनीच हट्टाने घालून घेतला होता.

प्रोग्राम पोरका झाल्यावर त्यांनी भाचीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवायची.

"मला शिकवशील?"

"मामा, ही भाषा माझ्या विद्यार्थ्यांनाही घाम फोडते."

"मग माझाही फुटू दे."

दर रविवारी दुपारी शिकवणी सुरू झाली. पहिला महिना कंसांतच गेला. भाचीने सांगितलं, आतला कंस आधी सोडवायचा आणि क्रिया सगळ्यात पुढे लिहायची. आपण "पाणी आण" म्हणतो, ही भाषा "आण पाणी" म्हणते. मामांनी कोड कागदावर छापून घेतला आणि रंगीत पेन्सिलींनी कंसांच्या जोड्या लावल्या. ते कागद पाहून ड्रायव्हरांनी त्यांचं नाव कंसमामा ठेवलं. पुराणातल्या कंसमामाने भाच्यांना छळलं, इथे भाचीच मामाला छळत होती, एवढाच फरक.

"इथे खोडरबर नाही," ती एकदा म्हणाली. "एकदा केलेली यादी बदलायची नाही. बदल हवा असेल तर नवी यादी बनवायची, जुनी आहे तशी राहते."

सतरा वर्षं तक्ते खोडून खोडून कागदाला भोकं पाडणाऱ्या माणसाला हे पचायला दोन रविवार लागले. मग आवडलं. स्वतःलाच हाक मारत यादीच्या टोकापर्यंत जाणारी फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, त्यांना कळली. शेवटी कळली आळशी यादी. ही यादी आधीपासून तयार नसते. जेवढं मागाल तेवढंच बनवून देते.

"म्हणजे कामचुकार," मामा म्हणाले.

"नाही मामा. हुशार. विनाकारण राबत नाही."

आठ महिन्यांनी नवं वेळापत्रक आलं. तीस मार्गांचे एकदम चव्वेचाळीस झाले. मामांनी सकाळी नऊला प्रोग्राम चालू केला. जेवणाची सुट्टी झाली, संध्याकाळ झाली, तक्ता काही येईना. दुसऱ्या दिवशीही तेच.

मॅनेजर खोलीत आले. "मामा, सोमवारी गाड्या सुटायला हव्यात. ते दहा तास सहावर आणा. अट सैल झाली की तक्ता बसेल."

"बसेल साहेब. पण मग ड्रायव्हर झोपेल."

"दुसरा मार्ग आहे?"

"शुक्रवारपर्यंत थांबा. नाही जमलं तर हाताने लावतो, पण दहाचे सहा करणार नाही."

मॅनेजरांनी कॅलेंडरकडे पाहिलं, होकाराची मान हलवली आणि ते गेले.

मामांनी कागद टेबलावर पसरले. पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत गेले. इंजिनियरने काम नीट केलं होतं. तक्त्यांच्या सगळ्या शक्यता आळशी यादीतच ठेवल्या होत्या. मग एवढा वेळ कशात जात होता? गुरुवारी दुपारी पट्टी एका ओळीवर थांबली. पुढे जाण्याआधी प्रोग्राम विचारत होता, "यादीत किती शक्यता आहेत? शून्यापेक्षा जास्त आहेत ना?"

मामा त्या ओळीकडे बघत राहिले. किती आहेत हे सांगायचं तर आधी सगळ्या मोजायला हव्यात. मोजायच्या तर सगळ्या बनवायला हव्यात. आळशी यादीला बिचारीला ढोरमेहनत लावली होती. तीस मार्गांना ते खपून गेलं, चव्वेचाळिसांना नाही. आणि हवं होतं ते एवढंच, की एक तरी शक्यता आहे का.

त्यांनी भाचीला फोन केला. ती वर्गात होती, उचलला नाही. मामांनी हात पुसले आणि ती ओळ स्वतःच बदलली. मोजणी काढली, "पहिली आहे का" एवढंच विचारलं. कंस दोनदा जुळवले. आधी जुनं वेळापत्रक देऊन पाहिलं. आला तो तक्ता जुन्या तक्त्याशी ओळ न ओळ जुळला. मग नवं दिलं आणि पाण्याच्या बाटलीकडे हात नेला.

झाकण उघडेपर्यंत तक्ता पडद्यावर होता. अकरा सेकंद.

मामांनी लगेच कुणाला हाक मारली नाही. छापून घेतला, पेन्सिल घेतली आणि एकेका ड्रायव्हरची विश्रांती हाताने तपासली. दहा तासांच्या आत एकही नव्हती. मग कागद घेऊन ते मॅनेजरांच्या टेबलाशी गेले.

"कोणती अट काढली?" मॅनेजरांनी विचारलं.

"एकही नाही. बिनकामाचा एक प्रश्न काढला."

मॅनेजरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, उभे राहिले आणि मामांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. मामांनी सगळं सांगितलं.

"मामा, ही चूक माझे निम्मे विद्यार्थी करतात, आणि करतोय हे त्यांना समजतही नाही. तू एकट्याने पकडलीस?"

"तू फोन उचलला नाहीस, मग काय करणार."

ती हसत सुटली, आणि मामांनाही हसू आवरेना.

सोमवारी पहाटे मामा ड्यूटी नसताना फाटकाशी जाऊन उभे राहिले. पाच दहाला पहिली बस निघाली. ड्रायव्हर ताजातवाना होता, दाढी केलेली, डोळे स्वच्छ. त्याने मामांना पाहून हॉर्न दिला. मागच्यानेही दिला. मग एकामागून एक गाडी निघत गेली आणि प्रत्येकीने हॉर्न दिला. मामा हात वर करून मोजत राहिले. चव्वेचाळीसही मार्गांच्या गाड्या वेळेवर सुटल्या.