मनालीची हजेरी

हे मी घरच्यांपाशीसुद्धा कधी बोललेले नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे. आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्वसमावेशक शिक्षणावर बोलले, टाळ्या पडल्या, आणि परतीच्या एसटीत स्वतःचीच किळस आली, म्हणून असेल.

कट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेत मनाली होती. तिची आई सुनंदा तिला कडेवर घेऊन काजूच्या बागेतून आणायची. हातपाय ताठ, बोलणं अडखळत. बुद्धी मात्र लख्ख — हे मला माहीत होतं, तेच तर वाईट. हजेरीत तिचं नाव आलं की ती 'ह'पाशीच अडायची. पोरं गप्प राहून वाट बघायची. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. वाट बघवायची नाही ती मला — त्यांच्या बाईला.

कायदा मला तोंडपाठ होता. दिव्यांग मुलाला चारचौघांसारखं त्याच वर्गात शिकायचा हक्क आहे. अपंगत्व फारच तीव्र असेल तर घरी शिकायचीही सोय आहे — पण ती निवड घरच्यांची. आणि मी काय केलं? सुनंदाला म्हटलं, अशा मुलांनी घरीच शिकायचं असा नियम आलाय, मी येऊन शिकवीन. धडधडीत खोटं बोलले.

ती मनालीचे केस सारखे करत राहिली. मग म्हणाली, "कायद्यात तसां आसा तर तसांच करूया, बाई. तुमी सांगतास तां तिच्या बऱ्यासाठीच आसतलां."

दुसऱ्या दिवशी मनाली घरीच राहिली; हजेरीत मी तिचं नाव गाळलं आणि पुढच्या मुलीचं घेतलं. ती मुलगी 'हजर' म्हणेचना. सगळा वर्ग मनालीसाठी थांबला होता. मी त्या मुलीवर खेकसले.

सुरुवातीला गेले शिकवायला. मग परीक्षा आल्या, मग पाऊस, मग — मग काहीच आड आलं नव्हतं. गेले नाही, एवढंच.

बाईंनी लेकीसाठी धडपड केली म्हणून सुनंदा अजून दरवर्षी आमसुलं पाठवते. मी ती घेते. आमटीत घालते.

बसस्टॉपची वाट त्यांच्या घरावरूनच जाते. मनाली पडवीत बसलेली असते, मोठी झाली आहे आता. मला पाहिलं की तिचे ओठ हलू लागतात — ह... ह... तिची हजेरी अजून चालू आहे. तो शब्द पूर्ण होईपर्यंत मी एकदाही थांबलेले नाही.