काळजीनं चढलेली साखर

सकाळी यांच्या बोटावर रक्ताचा एवढासा थेंब उभा राहिला आणि मशीनवर आकडा आला, दोनशे नव्वद. पंधरा दिवस असंच चाललं होतं. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, तरी साखर चढतीच. मी चिडले. "बाहेर काय खाता ते खरं सांगा," म्हटलं. ते मशीन डबीत ठेवून उठले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काका, घरात काही टेन्शन आहे का?"

हे 'नाही' म्हणतील असं वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "लेक सासर सोडून कायमची परत आलीय. भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू येतं."

"काळजीनंही साखर वाढते," डॉक्टर म्हणाले.

माणूस किती दुःख मुकाट्यानं गिळतो, आणि शरीराला मात्र ते लपवता येत नाही! लेकीजवळ मी रोज बसत होते, तिच्यासोबत रडत होते. यांच्या फक्त ताटावर माझी नजर होती.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "मला तरी सांगायचं होतंत."

"तू आधीच किती रडतेस," ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.