विस्तवमास्तरांचा पहिला धडा

काडीपेटी खिशात असताना शेजारी विस्तव मागायला जाणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तो मला इतिहास शिकवायचा!

शिरड शहापूरच्या शाळेत आम्ही त्यांना विस्तवमास्तर म्हणायचो. एकटा जीव. रात्री आपली चूल आपल्याच हाताने विझवायची आणि सकाळी गोवरी घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, हा त्यांचा नेम. शेजारची गयामाय कपाळावर हात मारायची.

"मास्तर, खिशात काडीपेटी वाजून राहिली, अन् इस्तू काहून मागता?"

"काडी ओढली की चूल पेटते, गयामाय. पण मग तुमच्या दारी येणं कशाला होतं?"

हा माणूस चिक्कू की खुळा, हे गावाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

वर्गात तर त्याहून घोळ. जगाच्या इतिहासाचा पहिलाच धडा, त्यातला पहिलाच प्रश्न: आदिमानव एकत्र का राहू लागला? पुस्तक म्हणे, भीतीमुळे. मास्तर पुस्तकावरच डोळे वटारायचे. "भीतीनं माणूस पळतो. राहतो काहून?" उत्तर सापडेना, आणि आम्ही वर्षभर गुहेतच! तपासणीच्या साहेबांनी दम दिला, दुसरा धडा घ्या, नाहीतर नोकरी सोडा.

"बराबर आहे, साहेब. पण पहिला सुटल्याबिगर दुसऱ्यात शिरू कसा?"

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात हल्ल्याची आवई उठली आणि अख्खं गाव रानात पळालं. परतलो तेव्हा चुली गार, काड्या सादळलेल्या. जो तो गोवरी घेऊन दारात उभा, आणि मागायचं कुणाला? तेवढ्यात गयामाय ओरडली, "अगं बाई, मास्तरांकडं धूर!"

मास्तर गेलेच नव्हते. तांबारलेले डोळे, राखेनं माखलेलं धोतर.

"भ्या न्हाई वाटलं, मास्तर?" गयामायनं विचारलं.

"लई वाटलं. निघालोच होतो. पण चूल विझवली तर तुमी आल्यावर कुणाच्या दारी जाल, हा घोळ सुटेना."

दारात लागलेली रांग ते बघतच राहिले. मग लेकरासारखे हसले. "सुटला! आता दुसरा धडा."

तो धडा झालाच नाही. नवं राज्य आलं, मास्तरांची बदली झाली, नव्या मास्तरांनी थेट राजांपासून सुरुवात केली.

मास्तरांच्या रिकाम्या घरातली चूल मात्र गयामाय रोज पेटवून यायची. काहून, असं विचारलं की म्हणायची, "मलाच समजून न्हाई राहिलं, बाबा."