सोमनाथची न हालनारी होडी

आरोही, आजी सांगती तसं लिही. माझ्या पुतन्याचं लिही, सोमनाथचं. तुझा सोमाकाका. पन काका म्हनून नको लिहू, लोकांना काय कळनार कुनाचा काका.

सोमनाथ म्हंजे माझ्या थोरल्या जावंचा, तुकाबाईचा ल्योक. माण गावात आमची घरं एकाच अंगनात. त्येचा धंदा ट्रॅक्टरच्या ट्राल्या करायचा. आता शेतंच ऱ्हायली न्हाईत तर ट्राली कुनाला पायजे? म्हनून खिडक्यांचे गज करतो. आन् उरल्या येळात होडी केली. आमच्या अंगनापासनं धरनाचं पानी पार पौडच्या पल्याड, तरी होडी केली.

ह्येचं कारन तुकाबाई. तिची धाकली भन रंभाबाई मुळशी धरनाच्या पल्याड वाडीत दिलेली. रस्ता हाय, पन समदा वळनावळनाचा, आन् तुकाबाईला गाडी लागती. लागती म्हंजे दार लावलं की उलटी, गाडी चालू व्हायच्या आत. तिकडं रंभाबाईचा खुबा मोडला, तिला कुटं जाता यीना. तुझी आई लगीन करून ह्या घरात आली, तवापासनं दोगी भनी भेटल्या न्हाईत. फोनवर बोलायच्या. "ऐकू येतंय का गं?" "येतंय. तुला?" संपलं बोलनं.

एक दिस सोमनाथ म्हनला, "आई, तुला पान्यावरनं सरळ नेतो. वळन न्हाई, काय न्हाई."

"होडी हालती रे."

"न हालनारी करतो."

हितनं त्येचं येड सुरू झालं. मोबाईलवर परदेशातल्या होड्या बगायचा. मग एकदा मला म्हनला, "काकी, पांगुळगाडा पडतो का?" म्या म्हनलं, "न्हाई पडत, पाय फाकलेले असत्यात." म्हनला, "तसंच करायचं." मधी एक लांबडी होडी, आन् दोन्ही अंगाला हात काढून दोन बारक्या. तीन मिळून एक. पन एवढी रुंद आमच्या गल्लीतनं निघायची न्हाई, म्हनून हात मिटायचे केले, कोंबडी पंख मिटती तसे. मिटली की ट्रेलरवर बसती, जीपमागं जाती.

आदी थर्माकोलची बारकी केली आन् म्हशीच्या हौदात सोडली. तिच्यात दगडं ठेवली. ही आई, ही बायको रेश्मा, ही काकी, ह्यो मी. माझा दगुड लई मोटा होता. म्या म्हनलं, "बदल." तर म्हनला, "होडीला खोटं सांगून चालत न्हाई, काकी." म्हशीनं दोनदा पानी प्यायला तोंड घातलं, तरी कलंडली न्हाई. तवा मोटी करायला घेतली. प्लायवूड, फायबर, वर उन्हाला कापड, चहाला स्टो, चार मानसांनी रातभर ऱ्हावं अशी. पन वजनाचा लई धाक. कपबशीसुदीक काट्याला लावायचा. रेश्माला म्हनला, "डबा ॲल्युमिनियमचा घे." ती म्हनली, "मला बी काट्याला लावा आन् काय ते एकदाच ठरवा."

तर झाली होडी. परवानगी काढली. जायचा दिस ठरला, रंभाबाईला सांगितलं. सकाळी होडी ट्रेलरवर, जीप चालू, रेश्मा जीप चालवायला बसलेली. तुकाबाई पिशवी घिऊन अंगनात उभी.

सोमनाथ म्हनला, "बस, आई."

"कुटं?"

"जीपमधी. धरनापतुर."

तुकाबाईनं पिशवी खाली ठेवली. "गाडीत बसवत न्हाई म्हनून तू होडी केली ना रं?"

हात कसे मिटायचे, शीड कुटं बांधायचं, समद्याचा इचार केला हुता सोमनाथनं. आई पान्यापतुर कशी जानार, तेवढा ऱ्हायला हुता. तो जाऊन पायरीवर बसला. म्हनला, "ऱ्हाऊ दे. मावशीला फोन करतो."

रेश्मा जीपमधनंच वरडली, "अवो, होडीत बसवा त्यांना! गाडी न्हाई ती. दार बी न्हाई तिला."

मग शिडी लावून तुकाबाईला होडीत चढवली. नऊवारीवर केशरी जाकीट घातलं. मी बी चढले, तिला एकटीला कशी सोडायची? तिनं डोळे मिटून घेतले. रेश्मा बैलगाडीच्या चालीनं निघाली. पौडच्या स्टँडवर लोकं यष्टीची वाट बगत हुती. एक म्हातारा म्हनला, "पानी कुटंय?" म्या म्हनलं, "म्होरं हाय." पौड गेलं, वळनं सुरू झाली. मी तुकाबाईचं तोंड बगतीय. तोंडावर वारं, बाकी काय न्हाई.

धरनावर गेल्यावर होडीचे हात उघडले, ट्रेलर मागं घेतला, होडी पान्यात टेकली, सोमनाथ आन् रेश्मा बी चढले. सोमनाथनं होडीला एक तांबडी रेघ मारलेली. पानी त्या रेघंच्या वर जायला नको. गेलं.

"आई, पायाखाली काय हाय?"

"काय न्हाई."

"पाय उचल."

"पाय दुखत्यात माजे."

पायाखाली गोनी निघाली, आंबेमोहोराची. कवा चढवली, मला बी कळलं न्हाई.

"भनीकडं मोकळ्या हातानं जाऊ व्हय रं, इतक्या वर्सांनी? मला उतरीव, तांदूळ न्हाई उतरायचा."

रेश्मा म्हनली, "द्या हिकडं. गोनी आन् मी गाडीनं येतो. तांदळाला काय गाडी लागत न्हाई."

दोगी उतरल्या म्हना की, रेश्मा आन् गोनी. रेघ वर आली. शिडात वारं भरलं. पान्याचा आवाज तेवढा ऐकू येत हुता.

जरा येळानं तुकाबाई म्हनली, "थांबला का रं? निगायचं न्हाई का?"

"मधी आलोय, आई."

तिनं एक डोळा उघडला. चारी बाजूला पानी. परत मिटला. म्हनली, "रस्ता बरा हाय हा." आन् सोमनाथनं तोंड शिडाकडं केलं. वाऱ्यानं डोळ्यात पानी येतं म्हनला.

पल्याड रंभाबाई काठावर खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर काठी. सोमनाथनं आमाला हात धरून उतरवलं. तुकाबाई तिच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली. दोगी एकमेकींकडं बगत्यात. मला वाटलं आता रडारड हुनार.

रंभाबाई म्हनली, "उलटी झाली?"

"न्हाई."

"मग जेवशील."

"वाढ की."

जेवाय बसलो तवर रेश्मा गोनी घिऊन आली. सोमनाथ म्हनला, "मावशे, मला बेतानं वाढ. परतीला होडीत बसायचंय."

रंभाबाईनं त्येच्या ताटात अजून एक भाकर टाकली. म्हनली, "तुजी आई काय परत येत न्हाई आज. तिची जागा मोकळीच हाय. खा."