वाळूतला कंदील

इथे जपानमध्ये, इचिकावातल्या घरी आज रॉकेलचा हीटर पेटवला आणि त्या वासासरशी तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांजवळची, वीज नसलेली ती लाकडी झोपडी आठवली. बाबा पुण्याहून आले होते. जपानीच बोलणाऱ्या नातीशी काय बोलावं, त्यांना कळत नव्हतं.

दिवेलागणीला बाबांनी कंदील लावून हात जोडले. ते पाहून छोट्या मीरानेही हात जोडले आणि जेवणाआधी म्हणतात ते ‘इतादाकिमास’ म्हटलं.

मी ओशाळले. “अगं, जेवायचं नाहीये!”

“असू दे गं,” म्हणत बाबांनीही अडखळत तेच म्हटलं. मीरा खुदकन हसली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

आता मीराला शुभंकरोति पाठ आहे. तरी बाबांच्या फोटोपुढे दिवा लावताना ती ‘इतादाकिमास’च म्हणते. विचारलं तर सांगते, “आजोबांना जपानी एवढंच येतं.”